फिल्ममध्ये पोर नव्हतं

एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी काही मनात ठेवणारा माणूस नाही हो — उलट स्वतःच्या फजित्या सांगत सुटणारा. घरच्या लग्नकार्यात जेवणं आटोपली, माणसं सतरंजीवर सैलावली, की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ती उसाची गोष्ट सांगा." आणि मी सांगतो. माणसं पोट धरून हसतात. पण ती गोष्ट मी जिथं थांबवतो तिथं ती संपत नाही. पुढचं मी गिळतो. बरीच वर्षं गिळत आलोय. आज पुढचं सांगायचं आहे — पण सुरुवात उसापासूनच करावी लागेल. दुसरीकडून मला सुरुवातच जमत नाही.

तर ऊस.

मी साताऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि मला जुन्या माहितीपटांची खोड आहे. पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ना — काळे-पांढरे, सरकारी, घसा खाकरून बोलणारा निवेदक — तसले. लोक त्या वेळात बाहेर शेंगा घ्यायला जायचे. मी त्यांच्यापायी सांगलीच्या भंगारबाजारात उन्हातान्हात फिरलोय. कधी हातमागावरची फिल्म, कधी टोळधाडीवरची, कधी देवीची लस टोचून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बायांची. गंजलेले डबे, किलोवर मिळणारे. माझी बायको सुमन म्हणते, "लोकं भंगार घालवायला जातात, आमचे हे आणायला जातात."

साताऱ्यात माझ्यासारखेच आणखी काही खुळे आहेत. एक दातांचे डॉक्टर, एक फोटो स्टुडिओवाले, एक बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये रविवारी जमायचो. शाळेचा जुना प्रोजेक्टर माझ्या ताब्यात, म्हणून मी आपोआप मंडळाचा पुढारी. एका रविवारी पुण्याहून एक अभ्यासक आले होते, जुन्या फिल्मांवर संशोधन करणारे. त्यांच्यासाठी मी माझं ठेवणीतलं रीळ लावलं — गुऱ्हाळावरचं. कुणीच न पाहिलेलं. मीही नाही, कारण डबा आदल्याच दिवशी आणला होता.

पडद्यावर चित्र आलं. आवाज काही येईना. मी म्हटलं, मूकपट असणार. मग पाहतो तर काहिलीतला रस पातळ होत होत, पन्हळीतून वर चढत, चरकात शिरतोय. चिपाडं एकेक करून चरकात जातायत आणि दुसऱ्या बाजूनं हिरवागार, सबंध ऊस बाहेर पडतोय. तो ऊस माणसं डोक्यावर घेऊन पाठमोरी पाठमोरी चालत फडात नेतायत, आणि कोयता लागला की ऊस जमिनीत ताठ उभा राहतोय. मी उभा राहिलो. पाहुण्यांना म्हणालो, "बघा, त्या काळात केवढं धाडस! दिग्दर्शकानं काळच उलटा फिरवलाय. शेतकऱ्याला त्याचे श्रम परत मिळतायत —" आणखी बरंच काही बोललो. सगळे गंभीरपणे मान हलवत होते. मागून चहाची किटली घेऊन सुमन आली, तिनं क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, उलटं लागलंय ते."

खरंच उलटं लागलं होतं. प्रोजेक्टरचा खटका मागच्या बाजूला राहिला होता.

इथं मी थांबतो. इथं लोक हसतात, टाळ्या देतात, कुणीतरी सुपारी पुढं करतं.

आता पुढचं.

तुम्हीच सांगा, पुण्याच्या माणसासमोर असं झाल्यावर माणूस काय करतो? हसण्यावारी नेतो, बरोबर. मीही नेलं. पण आतून जळत होतो. चहा घेताना ते पाहुणे — सज्जन माणूस — विषय बदलावा म्हणून म्हणाले, "तुमच्या सांगली भागात एक मेंढपाळांवरची फिल्म झाली होती म्हणतात. आटपाडीच्या बाजूला. स्वातंत्र्यानंतरच्या थोड्या वर्षांत. प्रत कुठंच मिळत नाही. पाहिलेला एक माणूस मला अजून भेटला नाही."

आणि मी म्हणालो, "मी पाहिलीय."

झालं. एवढंच वाक्य. ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. त्या फिल्मबद्दल मी ऐकून होतो, आम्ही तिला 'मेंढरांची फिल्म' म्हणायचो, आणि पाहिलेली कुणीच नव्हती — मी तर नाहीच नाही. पण वाक्य तोंडातून गेलं आणि ते पाहुणे असे बघायला लागले माझ्याकडे... डॉक्टर, स्टुडिओवाले, सगळेच. मघाचा ऊस पार विसरले. कुठं पाहिली? मी म्हटलं, लहानपणी, सांगलीजवळ, एका तंबूतल्या टॉकीजवाल्याकडे. त्यानं पुढं सगळी रिळं मोडीत काढली. म्हणजे तपासायला जागाच ठेवली नाही. खोटं बोलताना मी भलताच व्यवस्थित असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

या छंदातलं खरं सांगू का? मी लोकांना नेहमी सांगतो की या फिल्मांत अभिनय नसतो, माणसं खरी असतात, कॅमेऱ्याकडे चुकून बघणारी एखादी बाई पुढं आयुष्यभर आठवते — आणि ते खरंही आहे. अगदी खरं आहे. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट असते. ती फिल्म तुम्ही पाहिलेली नसते, आणि मी पाहिलेली असते. दुर्मीळ म्हणजे काय हो? इतरांजवळ नसलेलं. उद्या तीच फिल्म सगळ्यांना दिसायला लागली, तर माझं निम्मं प्रेम त्याच दिवशी आटेल. हे लिहितानासुद्धा चीड येते — माझीच.

ते सगळं शाळेच्या हॉलमध्येच राहिलं असतं तर चाललं असतं. चार लोकांत थाप मारली, मोठं काही बिघडलं नसतं. पण सुमननं ते ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते माझ्या छंदाबद्दल त्याआधी कधी पाहिलं नव्हतं — अभिमान. कारण ती फिल्म तिच्या गावची होती. आटपाडीच्या अलीकडं, माळावर, तिच्या माहेरची वस्ती. आमची दोन्ही घरं मूळची मेंढरं राखणारी. माझ्या वडिलांना एसटीत कंडक्टरची नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याचे झालो, तिच्या घरी मात्र मेंढरं राहिली. तिनं त्याच संध्याकाळी वडिलांना फोन लावला. "आबा, आवं ह्यांनी आपल्याकडची फिल्म बघितलीया!"

आबा म्हणजे माझे सासरे. उंच, काटक, कमी बोलणारे. त्यांच्या डाव्या हाताला सहावं बोट होतं, अंगठ्याच्या बुडाशी, इवलंसं. तंबाखू मळायला लागले की ते बाजूला उभं राहायचं, जणू त्याला तंबाखू चालत नाही. आबांच्या वडिलांचा एकही फोटो नव्हता. आबा तान्हे असताना ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला गेले — कराड, पाटण करत घाट उतरून कोकणात, नेहमीच्या वाटेनं — आणि तिकडंच हिवतापानं वारले. आबांच्या आईचं दुसरं लग्न झालं, ती लांब गेली. आबांना त्यांच्या मामानं वाढवलं. त्या मामाचा मेहुण्यावर कसला राग होता कोण जाणे, पण पोरगं हट्टाला पेटलं की तो एकच सुनवायचा — तुझ्या बापानं तुझं तोंडसुदिक बघितलं न्हाई, मेंढरं घिऊन गेला सरळ.

हे मला सुमननं सांगितलं होतं. लग्नानंतर लगेचच. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

आणि वस्तीवरची जुनी माणसं सांगायची की जीपगाडीतून फिल्मवाले आले होते तेव्हा आबांच्या वडिलांचं चित्र काढून नेलं. म्हणजे जगात तो माणूस फक्त एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण मी पाहिलं होतं. असं सगळे समजत होते.

पुढच्या सुट्टीत सासरी गेलो. अंगणात घोंगडी अंथरलेली, शेजारची माणसं येऊन बसलेली. आबांनी स्वतःच्या हातानं मला तक्क्या दिला. म्हणाले, "सांगा पावनं. कसा हुता माझा बा?"

त्या क्षणी मला उठून सांगता आलं असतं. आलं असतं ना? "आबा, मी थाप मारली, मला माफ करा." माणसं हसली असती. मी जावई, वर फजितीखोर म्हणून प्रसिद्ध. त्यांनी आणखी एक गोष्ट म्हणून ती धरून ठेवली असती. पण सुमन दारात उभी होती, पदर खोचून, चेहरा उजळलेला. मी सांगायला लागलो.

उंच होते म्हटलं, तुमच्यासारखे. खांद्यावर घोंगडी. कळपाच्या पुढं चालतायत, मागं वळून शीळ घालतायत. भरघोस मिशा. आणि डोक्याला लालभडक मुंडासं.

काळी-पांढरी फिल्म. आणि मुंडासं लाल! भूगोलाचा मास्तर, माहितीपटांचा जाणकार, आणि एवढी अक्कल नाही. पण कुणाच्याही लक्षात आलं नाही. आबांनी डोळे मिटले होते. ते लाल मुंडासं ते आत कुठंतरी बघत होते. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "व्हय रं, लालच बांधायचा." आता याला काय म्हणणार? मी खोटं सांगितलं आणि साक्षीदार आपणहून हजर.

मग तो रिवाजच पडला. प्रत्येक दिवाळीला गेलं की जेवणं झाल्यावर — "पावनं, त्ये फिल्मचं सांगा की." मी सांगायचो, आणि दर वेळी थोडं वाढवायचो. एकदा कुत्रं घातलं. एकदा लोकर कातरताना दाखवलं. एकदा कॅमेऱ्याकडं बघून हसवलं. खोटं सांगू नये, पण मला त्यात गोडी वाटायला लागली होती. या माणसाला बाप नव्हता, मी दिला — असलं काहीतरी मी स्वतःला सांगत होतो. परतीच्या एसटीत सुमन खिडकीपाशी बसून म्हणायची, "आबा किती खूश होते बघितलं का?" आणि मी मोठ्या मनाच्या माणसासारखा बाहेर बघायचो.

असं चाललं असतं तर मी कदाचित हे लिहिलंच नसतं. गोड खोटं म्हणून सोडून दिलं असतं, स्वतःला माफ केलं असतं. त्यात मी पटाईत आहे.

पण एका वर्षी आबा मला एसटीपर्यंत सोडायला आले. सुमन मागं राहणार होती, मी एकटाच निघालो होतो. फाट्यावर बाभळीखाली आम्ही दोघंच. आबांनी तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकली नाही. तशीच हातात धरून म्हणाले, "पावनं, येक इचारू का?"

"विचारा की आबा."

"त्येच्यापाशी... बारकं प्वार हुतं का वो? कडंवर, न्हाई तर कुठं?"

इतकी वर्षं मी सांगत होतो आणि ते ऐकत होते, आणि इतकी वर्षं त्यांना एवढंच विचारायचं होतं. मुंडासं नको होतं, मिशा नको होत्या. हे एवढंच. चार लोकांत विचारायची लाज वाटत होती, म्हणून ते एवढ्या उन्हातून फाट्यापर्यंत चालत आले होते.

आणि मी — ज्यानं कुत्रं घातलं, शीळ घातली, रंगसुद्धा भरला — मला नेमकं त्या वेळी प्रामाणिक व्हायचं सुचलं. मनात आलं, आता बास. ही मोठी गोष्ट आहे, यात खोटं घालायचं नाही. आणि दुसरं, त्याहून खरं — भीती वाटली. उद्या फिल्म कुठं सापडली आणि त्यात पोर नसलं तर? 'नाही' म्हणणं सुरक्षित होतं.

"नाही आबा," मी म्हणालो. "पोर नव्हतं."

"नीट आठवून सांगा."

"नव्हतं आबा. मला पक्कं आठवतंय."

पक्कं आठवतंय! 'लक्षात नाही' एवढं म्हणता आलं असतं. लहानपणी पाहिलेली फिल्म, कुणाला सगळं आठवतं? पण जाणकार माणसानं 'आठवत नाही' कसं म्हणायचं? आमच्या मंडळात ते शब्द कुणी उच्चारत नाही.

आबांनी तंबाखू खाली झटकली. "आसंल," म्हणाले. "मामा म्हनायचा त्ये खरंच हुतं म्हनायचं." मग एसटी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली.

त्यानंतर त्यांनी फिल्मबद्दल मला कधीही विचारलं नाही. दिवाळीत दुसऱ्या कुणी विषय काढला, तर ते उठून मेंढरांकडं जायचे. सुमन म्हणायची, आबा आताशा थकलेत. मी म्हणायचो, हो, वयच झालं.

वर्षं गेली. आमचं मंडळ मोडलं — डॉक्टर मुलाकडे गेले, स्टुडिओ बंद पडला, शाळेनं प्रोजेक्टर अडगळीत टाकला. आबांचे डोळे काचबिंदूनं गेले, आधी एक, मग दुसरा. आणि मग एका दुपारी त्या पुण्याच्या अभ्यासकांचा मेसेज आला. इतक्या वर्षांनी. "मास्तर, तुमची मेंढरांची फिल्म सापडली! परदेशात कुणाच्या तरी संग्रहात होती. इंटरनेटवर टाकलीय. तुमच्याइतका आनंद कुणाला होणार?" खाली लिंक.

आनंद! शाळेच्या स्टाफरूममध्ये बसलो होतो, कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून. फोनवर ते गोल चक्र फिरतंय, थांबतंय, फिरतंय — रेंजचा वैताग नेहमीचाच, पण त्या दिवशी मी देवाला म्हणत होतो, नाहीच लागली तर बरं. लागली.

सुंदर होती हो. हे कबूल करायला पाहिजे. इतकी वर्षं मी तिच्याबद्दल बडबडलो, त्याच्या कितीतरी पलीकडे सुंदर होती. माळावरचं पहाटेचं धुकं, मेंढरांच्या पाठींचा तो हलणारा समुद्र, घोड्यावर लादलेली भांडी-कुंडी, वरती बांधलेली कोंबडी. निवेदकाचं हिंदी कुठं कुठं खरखरत होतं. आणि मग एक उंच माणूस. मिशा नाहीत. मुंडासं नाही — डोकं उघडं, नुकतं भादरलेलं. तो कळपाच्या पुढं नव्हता, सगळ्यात मागं रेंगाळत होता. एक बाई त्याच्याजवळ आली. तिनं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उचलून खांद्याशी धरलं. मग कॅमेरा जवळ गेला.

पोर होतं. तान्हं. त्यानं बापाचा कान मुठीत धरला होता, आणि त्या मुठीच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी — इवलंसं, उभं राहिलेलं — सहावं बोट.

तो माणूस हसत होता. कान सोडवून घेत नव्हता. कितीतरी वेळ. मग त्यानं पोर बाईच्या हातात दिलं आणि मेंढरांमागं चालू लागला, आणि चालता चालता एकदा वळून बघितलं. कॅमेऱ्याकडं नाही. तिकडं.

मी फोन पालथा ठेवला. तास सुरू झाल्याची घंटा झाली. मी वर्गात जाऊन सह्याद्रीचे घाट शिकवले.

घरी सांगितलं नाही. कसं सांगणार? फिल्म दाखवली की पहिल्याच मिनिटाला दिसणार — मिशा नाहीत, मुंडासं नाही, शीळ नाही, कुत्रं नाही. सुमनला कळणार. म्हणून शनिवारी, शाळेचं काम आहे म्हणून थाप मारून — सवयच — मी एकटा सासरी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. पावलावरून ओळखलं, "पावनं का?" मी त्यांच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं. आबा, पोर होतं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला घेतलं होतं. तुम्ही त्यांचा कान धरला होता. तुमचं बोट दिसतंय आबा, सहावं, स्पष्ट दिसतंय. त्यांनी वळून बघितलं तुमच्याकडं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फिल्मबद्दल खरं बोलत होतो.

आबांनी ऐकून घेतलं. मग चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं.

"पावनं, तवा तुमी म्हनला हुता, प्वार न्हाई. पक्कं आठिवतंय म्हनला हुता."

"आबा, तेव्हा माझं चुकलं —"

"आवं, आता मी आंधळा झालो, दिस भरत आलं माझं. म्हून सांगताय, म्हाताऱ्याला बरं वाटावं." ते हसले. "बोटाचं काय, त्ये तर तुमाला म्हाईतच हाय की. लय चांगलं मन हाय तुमचं. पर ऱ्हाऊ द्या."

अजूनही वेळ होती. एकच वाक्य राहिलं होतं — तेव्हा मी फिल्म पाहिलीच नव्हती, सगळं मनचं सांगितलं. ते म्हटलं असतं तर त्यांनी आजचं मानलं असतं. त्यांना फक्त माझं खोटेपण कळायला हवं होतं, की त्यांना बाप मिळाला असता. एवढा सोपा व्यवहार होता. मी तोंड उघडलं. मेहुण्याची बायको चहा घेऊन आली, म्हणाली, "दाजी, एकलंच आलासा?" मी तोंड मिटलं. चहा घेतला. साखर जास्त होती — हे असलं काय काय आठवतं मला.

आबा म्हणाले, "चांगला माणूस हाय आमचा जावाय." सुनेला म्हणाले.

थोड्याच महिन्यांनी ते गेले. झोपेतच. सगळे म्हणाले, सुखाचं मरण. मी खांदा दिला.

हे मी विसरू शकलो असतो का? कोण जाणे. वर्षश्राद्ध करून परत आलो, त्यानंतरच्या रविवारी सुमन घरी हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्यापुढं लॅपटॉप ठेवला आणि फिल्म लावली. तिनं पाहिली. पोर दिसलं तेव्हा तिचे हात थांबले. संपल्यावर तिनं हिरवी बोटं पदराला पुसली आणि स्वतःच पुन्हा लावली. दुसऱ्यांदा संपल्यावर मी तिला सगळं सांगितलं — उसाच्या रविवारपासून आबांच्या ओट्यापर्यंत. काही गाळलं नाही. मिशांचंही सांगितलं, फाट्यावरचंही, चहाचंही.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मेथीची जुडी पुढं ओढली, चार काड्या मोडल्या. साताऱ्यात इतकी वर्षं राहून ती आमच्यासारखंच बोलते, पण त्या दिवशी माहेरचं बोलली, आणि माझ्याकडं न बघता.

"त्यास्नी दिसत नव्हतं," ती म्हणाली, "पर मला दिसत हुतं की. मला का न्हाई दावली वो? मी सांगितलं आसतं, तर आबांनी मानलं आसतं."